काम ‘पूर्ण’ झाले, पण अनुमान कोठे आहे?

शाळेच्या प्रयोगवहीचा साचा आपल्या सर्वांना पाठ असतो. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. लेड नायट्रेट परीक्षानळीत तापवले ही कृती, तपकिरी वायू बाहेर पडला हे निरीक्षण आणि लेड नायट्रेटचे अपघटन झाले हे अनुमान. विद्यार्थ्याने कृती लिहून झाल्यावर थेट ‘प्रयोग यशस्वी’ असे लिहिले, तर आपण वही परत करतो. संगणकाच्या पडद्यावर मात्र हीच चूक घडते तेव्हा आपण वही परत करत नाही, असा आमचा अनुभव आहे. या लेखात त्या चुकीचे एक उदाहरण तपशिलाने तपासायचे आहे.

काही महिन्यांपूर्वी आम्ही अकरावी-बारावीचे विद्यार्थी व त्यांचे शिक्षक यांच्यासाठी दोन दिवसांचे शिबिर घेतले. विषय होता रेण्वीय डॉकिंग. बंदरात जहाज गोदीला लागते, तसा औषधाचा छोटा रेणू प्रथिनाच्या खोबणीत कोठे आणि कसा बसेल, याचा संगणकाने केलेला अंदाज म्हणजे डॉकिंग. आम्ही वापरलेली व्यवस्था पूर्णपणे स्वयंचलित होती. प्रथिनाची फाईल द्यायची, रेणूची फाईल द्यायची, बटण दाबायचे. मग पडद्यावर टप्पे दिसू लागतात: काम रांगेत आहे, प्रथिन तयार होत आहे, रेणू तयार होत आहे, शोध चालू आहे, गुणांकन चालू आहे, काम पूर्ण. प्रत्येक टप्प्यापुढे हिरवी खूण उमटते. एका विद्यार्थिनीने वहीत लिहिले, ‘सर्व टप्पे यशस्वी. गुणांक उणे ९.२. म्हणून हा रेणू औषध म्हणून उपयोगी आहे.’ तिचा दोष फारसा नव्हता. पडद्याने तिला तसेच वाचायला शिकवले होते.

प्रश्न असा की त्या हिरव्या खुणा नेमके काय सांगतात? प्रत्येक टप्पा उघडून पाहिला, तर हिरव्या खुणेमागे एक गृहीतक बसलेले आढळते. ते पडद्यावर कोठेही लिहिलेले नसते.

आधी थोडा इतिहास. विकर आणि त्यावर क्रिया करणारा रेणू यांचे नाते कुलूप-किल्लीसारखे असते, अशी कल्पना एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये मांडली. १९५८ मध्ये डॅनियल कॉशलँड यांनी तिच्यात महत्त्वाची दुरुस्ती केली: किल्ली आत शिरताना कुलूपही आपला आकार थोडा बदलते. ही किल्ली संगणकाने बसवून पाहण्याची पहिली प्रसिद्ध रीत अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथील अर्विन कुंट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दिली. तिच्यात प्रथिन व रेणू दोन्ही दगडासारखे कडक मानले होते. १९९० मध्ये स्क्रिप्स संस्थेतील डेव्हिड गुडसेल व आर्थर ऑल्सन यांनी रेणूला वळण्याची मुभा देणारी ‘ऑटोडॉक’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली. त्याच संस्थेतील ओलेग ट्रॉट व ऑल्सन यांची ‘ऑटोडॉक व्हिना’ २०१० मध्ये आली. ती विनामूल्य आहे, वेगवान आहे, आणि घरच्या संगणकावर चालते. त्यामुळे डॉकिंग महाविद्यालयांतच नव्हे, तर शाळांच्या प्रकल्पांतही पोचले. ही मोठीच सोय झाली. आमची टीका त्या सोयीवर नाही, तिच्या वाचनावर आहे.

शिबिरात आम्ही एचआयव्ही विषाणूचे प्रोटीएज हे विकर निवडले होते. ९९ अमिनो आम्लांच्या दोन सारख्या साखळ्या एकत्र येऊन ते बनते आणि दोन्हींच्या मधोमध एक बोगद्यासारखी खोबण असते. १९९६ मध्ये मान्यता मिळालेले इंडिनाविर हे औषध याच खोबणीत बसून विषाणूचे काम बंद पाडते. दोघांच्या जोडीची स्फटिकरचना जागतिक प्रथिन-रचना संग्रहात आहे. म्हणजे उत्तर आधीच माहीत आहे, आणि शिकण्यासाठी असेच उदाहरण घ्यावे.

पहिला टप्पा, ‘प्रथिन तयार’. क्ष-किरणांनी काढलेल्या रचनेत हायड्रोजनचे अणू बहुधा दिसत नाहीत. ते आज्ञावली आपल्या नियमांनी बसवते. या प्रोटीएजच्या दोन्ही साखळ्यांतील २५ व्या क्रमांकावर अ‍ॅस्पार्टिक आम्ल असते आणि विकराचे सारे काम या जोडीवर चालते. त्यांपैकी कोणावर प्रोटॉन आहे आणि कोणावर नाही, यावरून तेथील हायड्रोजन बंध ठरतात. शिवाय खोबणीच्या छताशी पाण्याचा एक रेणू असतो. तो विकराच्या दोन्ही झडपांना आणि औषधाला हायड्रोजन बंधांनी जोडून ठेवतो. स्वयंचलित तयारीत बहुतेक वेळा सर्व पाणी सरसकट काढून टाकतात आणि त्याबरोबर हा दुवाही जातो. पडद्यावर काय दिसते? ‘प्रथिन तयार’ आणि हिरवी खूण. पाण्याचे किती रेणू काढले आणि त्यांपैकी एखादा कामाचा होता का, याचा उल्लेख नसतो.

दुसरा टप्पा, ‘रेणू तयार’. येथे रेणूचा विद्युतभार ठरतो, त्याचे कोणते बंध फिरू शकतात हे ठरते आणि त्याची डावी-उजवी ठेवण गृहीत धरली जाते. कागदावर सपाट काढलेल्या सूत्रावरून त्रिमिती रेणू बनवताना एखाद्या कार्बनची ठेवण उलटी झाली, तर तो दुसराच रेणू होतो. आज्ञावली त्याही रेणूला तितक्याच निष्ठेने बसवून दाखवते.

तिसरा टप्पा म्हणजे शोधपेटी. रेणू कोठे बसतो हे शोधण्यासाठी प्रथिनाभोवती एक काल्पनिक पेटी आखतात आणि शोध त्या पेटीतच होतो. येथे आमच्याच हातून झालेली चूक सांगणे योग्य ठरेल. शिबिराच्या पहिल्या दिवशी फळ्यावर पेटीच्या केंद्राचे निर्देशक लिहिताना आमच्याकडून एका आकड्याचे उणे चिन्ह सुटले. पेटी खोबणीवरून सरकून प्रथिनाच्या पृष्ठभागावर जाऊन बसली. तीन गटांनी तेच आकडे उतरवून घेतले. तिन्ही गटांची कामे बिनबोभाट पूर्ण झाली, हिरव्या खुणा उमटल्या, गुणांक आले. ते गुणांक इतर गटांपेक्षा कमकुवत होते, पण स्वतंत्रपणे पाहता अगदी विश्वासार्ह वाटावेत असे होते. एका शिक्षकांनी रेणूचे चित्र फिरवून पाहिले आणि विचारले, “सर, हा रेणू बोगद्यात कोठे आहे? हा तर बाहेरच चिकटलाय!” तेव्हा चूक सापडली. आज्ञावलीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिने बरोबर दिले होते. प्रश्न चुकीचा होता, आणि प्रश्न चुकल्याची खूण त्या टप्प्यांच्या यादीत नव्हती.

चौथा टप्पा सर्वांत आकर्षक: शोध. व्हिना चालू असताना शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंतची एक पट्टी दिसते आणि तीत एकेक तारा भरत जातो. मुले तिच्याकडे टक लावून बसतात. आपल्याला वाटते की शंभर टक्के म्हणजे सर्व शक्यता तपासून झाल्या. जरा हिशेब करू. रेणूला सरकण्याच्या तीन दिशा, स्वतःभोवती फिरण्याच्या तीन आणि इंडिनाविरचे वळू शकणारे बंध डझनभर. मिळून अठरा चल राशी. प्रत्येकीला फक्त दहा किमती दिल्या, तरी एकूण शक्यता एकावर अठरा शून्ये इतक्या होतात. सेकंदाला दहा लाख शक्यता तपासल्या तरी ३१ हजारांहून अधिक वर्षे लागतील. म्हणून आज्ञावली सर्व शक्यता तपासतच नाही. ती यादृच्छिक जागेवरून सुरुवात करते, रेणूला धक्का देते, जवळचा उतार शोधून खाली येते आणि पुन्हा धक्का देते. किती पावले टाकायची हे रेणूचा आकार व लवचिकपणा पाहून आधीच ठरलेले असते. पट्टी भरली म्हणजे ती ठरलेली पावले टाकून झाली. सर्वांत खोल दरी सापडली की नाही, हे पट्टीला माहीत नसते. डोंगरात हरवलेली गाय शोधायला गेलेला माणूस सूर्य मावळला म्हणून परत येतो. तो परत आला म्हणजे गाय सापडली असे नव्हे.

यावर उपाय सोपा आहे. सुरुवातीचा यादृच्छिक अंक बदलून तेच काम पाच-सहा वेळा करावे. प्रत्येक वेळी रेणू त्याच जागी, त्याच ठेवणीत बसला, तर विश्वास वाढतो. दर वेळी वेगळे उत्तर आले, तर शोध अपुरा आहे. व्हिना साधारणपणे आठ स्वतंत्र शोध घेते आणि ही संख्या आपल्याला वाढवता येते. न्यायाने हेही सांगायला हवे की ही आज्ञावली अगदीच मुकी नाही. पेटीचे घनफळ २७,००० घन अँगस्ट्रॉमहून अधिक झाले, म्हणजे बाजू साधारण तीसच्या पुढे गेल्या, की ती इशारा देते. पण तो इशारा नोंदींच्या मजकुरात असतो आणि स्वयंचलित व्यवस्थेचा देखणा पडदा नेमका तोच मजकूर झाकतो. मूळ आज्ञावली जे सांगत होती तेही या आवरणाने काढून घेतले, ही आमची मुख्य तक्रार आहे.

पाचवा टप्पा, गुणांकन. शेवटी एक तक्ता येतो. साधारणपणे नऊ ओळी, प्रत्येक ओळीत एक स्थिती आणि तिचा किलोकॅलरी प्रति मोल या एककातला गुणांक. पुढचे दोन रकाने ती स्थिती पहिल्या स्थितीपासून किती अँगस्ट्रॉम दूर आहे ते दोन रीतींनी सांगतात. पहिल्या ओळीत या दोन्ही रकान्यांत शून्य असते. ‘त्रुटी शून्य’ असे त्याचे वाचन आम्ही विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत अनेकदा पाहिले आहे. वास्तविक पहिल्या स्थितीचे स्वतःपासूनचे अंतर शून्यच असणार! त्याचा प्रयोगाशी काहीही संबंध नाही.

आणि गुणांकाचे काय? खोलीच्या तापमानाला बंधनऊर्जेत १.३६ किलोकॅलरीचा फरक पडला की बंधनाची ताकद दहा पटींनी बदलते. बारावीच्या विद्यार्थ्याला हे गणित लॉगॅरिदमने करता येते. आता ज्ञात मोजमापांशी ताडून पाहता अशा गुणांकन-सूत्रांची नेहमीची त्रुटी २ ते ३ किलोकॅलरी इतकी असते. म्हणजे ताकदीच्या अंदाजात शंभर पटींचा फरक सहज संभवतो. मग एका रेणूचा गुणांक उणे ८.४ आणि दुसऱ्याचा उणे ९.२ असेल, तर दुसरा श्रेष्ठ असे म्हणण्याला काय आधार? शिरपेचाच्या दशांश चिन्हापुढचा अंक अचूक दिसतो, म्हणून तो अचूक ठरत नाही. शिवाय हे सूत्र अणूंच्या जोड्यांची बेरीज करते. मोठ्या रेणूत अणू अधिक, त्यामुळे त्याला गुणही अनेकदा अधिक. परीक्षेत उत्तर बरोबर की चूक यापेक्षा पुरवण्या किती जोडल्या याला गुण मिळावेत, तसे काहीसे येथे होते.

हे सर्व केवळ वर्गातल्या वहीपुरते राहिले असते, तर इतके लिहायचे कारण नव्हते. २०२० साली कोविडची साथ आली. त्या वर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीसच विषाणूच्या मुख्य प्रोटीएजची रचना शांघायच्या संशोधकांनी सर्वांसाठी खुली केली. ही कौतुकाची गोष्ट. मग जगभर आणि आपल्याकडेही त्या रचनेवर डॉकिंग करणाऱ्या निबंधांचा पूर आला. हळद, आले, तुळस यांतील घटक त्या खोबणीत ‘बसले’. रुटिन, हेस्पेरिडिन यांसारखे शर्करा जोडलेले मोठे रेणू अनेक याद्यांत वर आले, आणि मोठ्या रेणूंना अधिक गुण का मिळतात ते आपण आताच पाहिले. त्या रचनेत मुळात जो अवरोधक होता, तो १४५ व्या क्रमांकाच्या सिस्टीनशी रासायनिक सहसंयुज बंधाने जोडलेला होता. नेहमीच्या डॉकिंगमध्ये असा बंध तयार होण्याची सोयच नसते. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत आपत्कालीन मान्यता मिळालेले निर्माट्रेल्विर हे औषध याच सिस्टीनशी बंध जोडून काम करते. म्हणजे ज्या रासायनिक क्रियेत खरी किल्ली होती, तीच या हजारो ‘पूर्ण’ झालेल्या कामांच्या कक्षेबाहेर होती.

कुर्क्युमिनची गोष्ट तर आधीच माहीत असायला हवी होती. हा रेणू अनेक चाचण्यांत खोटे होकारार्थी निकाल देतो, शरीरात टिकत नाही आणि फारसा शोषलाही जात नाही, असा सविस्तर आढावा औषधी रसायनशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात २०१७ मध्येच आला होता. तरीही गुणांक वाचून सामान्य माणसाने काय समजावे? घरात ताप असलेला माणूस असताना ‘संगणकाने सिद्ध केले’ हे तीन शब्द काय करू शकतात, हे आपण त्या वर्षी पाहिले आहे. म्हणून वहीतले ‘म्हणून’ आम्हाला क्षुल्लक वाटत नाही.

मग डॉकिंग निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात डोपामिनच्या ‘डी-४’ ग्राहीवर १३ कोटींहून अधिक रेणू संगणकावर बसवून पाहिले. पण संशोधक गुणांक छापून थांबले नाहीत. त्यांनी ५४९ रेणू प्रत्यक्ष बनवून तपासले, आणि त्यांत केवळ वरच्या क्रमांकांचे नव्हे, तर मधल्या व खालच्या क्रमांकांचेही रेणू मुद्दाम घेतले. गुणांक घसरत गेला तसे यशाचे प्रमाणही घसरत गेले, हे त्यांनी मोजून दाखवले. त्या शोधातून अत्यंत प्रभावी असे नवे रेणूही मिळाले. डॉकिंग एकेका रेणूविषयी निकाल देण्यात कच्चे असले, तरी प्रचंड ढिगातून तपासण्याजोगा छोटा ढीग वेगळा काढण्यात उपयोगी पडते. सुपाने धान्य पाखडल्यावर खडे कमी होतात. भात शिजला की नाही हे सूप सांगत नाही.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेल्या रीती आल्या आहेत आणि प्रथिनांच्या रचना वर्तवण्याच्या कामाला २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेलही मिळाले. तेथेही सावधगिरी सुटत नाही. अशा काही डॉकिंग-रीती अणू एकमेकांत घुसलेल्या किंवा बंधांची लांबी अशक्य असलेल्या स्थिती देतात, हे २०२३-२४ मधील तपासणीत दिसून आले. त्यांचीही कामे ‘पूर्ण’ झालेलीच होती.

अशा व्यवस्था बनवणाऱ्यांकडून आमच्या अपेक्षा साध्या आहेत. ‘प्रथिन तयार’ याऐवजी ‘पाण्याचे इतके रेणू काढले, इतके हायड्रोजन बसवले, या अमिनो आम्लांचा भार असा धरला’ असे लिहावे. ‘शोध पूर्ण’ याऐवजी ‘आठपैकी इतके शोध एकाच ठेवणीला पोचले’ असे सांगावे. गुणांकाशेजारी त्रुटीची मर्यादा छापावी. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवे संशोधन लागत नाही. ही माहिती त्या व्यवस्थेजवळ असते किंवा सहज काढता येते.

तोपर्यंत हे काम शिक्षकांनीच करावे लागेल. डॉकिंगच्या प्रकल्पाची वही तपासताना आम्ही आता पाच प्रश्न विचारतो. रचनेतून काय काढले आणि काय घातले? पेटी कोठे ठेवली आणि का? ज्याचे उत्तर माहीत आहे असा रेणू याच रीतीने बसवला, तर तो स्फटिकातील जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत येतो का? यादृच्छिक अंक बदलून किती वेळा पाहिले? आणि ज्याचा येथे काहीच उपयोग नाही असे माहीत आहे, अशा तितक्याच आकाराच्या रेणूला किती गुण मिळतात? शेवटचा प्रश्न मुलांना सर्वांत आवडतो आणि सर्वांत अधिक अस्वस्थही करतो.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी त्याच विद्यार्थिनीने आपले काम सहा वेळा केले. चार वेळा रेणू एका ठेवणीत बसला, दोन वेळा उलटा. तिने आदल्या दिवशीचे वाक्य खोडले आणि अनुमानाखाली लिहिले, ‘रेणू खोबणीत बसू शकतो. कोणत्या बाजूने, हे यावरून ठरवता येत नाही. औषध आहे की नाही, हे या प्रयोगातून कळत नाही.’ त्या पानावर आम्ही सही केली.